थेंबाचे गणित करणारे सर चंद्रशेखर व्यंकट रामन



२८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. तो १९८७ सालापासून साजरा होतो. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात मी थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचे चरित्र लिहीत आहे. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले हे पुष्कळांना माहीत असते. ते प्रकाशावरच्या शोधाबद्दल मिळाले. पण अगदी तरुणपणी त्यांनी द्रवाच्या थेंबाचा अभ्यास केला होता, हे फार जणांना माहीत नसते. आमच्या गटाने यंदा पृष्ठताण हा विषय घेतला आहे. त्यामुळे रामन यांचे चरित्र आणि आमचे प्रयोग, दोन्ही मी एकाच ठिकाणी लिहिले आहे.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ झाला. त्यांच्या आईचे नाव पार्वती आणि वडिलांचे नाव चंद्रशेखर अय्यर. वडील शिक्षक होते. पुढे ते विशाखापट्टणमच्या कॉलेजात गणित आणि भौतिकशास्त्र शिकवू लागले. त्यामुळे रामन यांचे बालपण समुद्रकाठी गेले. घरात पुस्तके भरपूर होती. वयाच्या अकराव्या वर्षी ते मॅट्रिक पास झाले! मी आता दहा वर्षांची आहे. म्हणजे मी पुढच्या वर्षी मॅट्रिक होणार असे समजा. आमच्या घरी हे सांगितलं तर सगळे हसायलाच लागले.

पुढे ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गेले. १९०४ साली ते बी. ए. झाले आणि त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्या काळी हुशार मुले पुढे शिकायला इंग्लंडला जात. पण रामन यांची तब्येत किरकोळ होती. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की तिथली थंडी यांना सोसणार नाही. मग ते मद्रासलाच एम. ए. झाले. १९०६ साली, म्हणजे अठराव्या वर्षी, त्यांचा पहिला शोधनिबंध लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझीन या मासिकात छापून आला. तो प्रकाशावर होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०७ साली, त्याच मासिकात त्यांचा दुसरा निबंध आला. तो होता द्रवांच्या पृष्ठताणावर. थेंब किती गोल आहे हे मोजून त्याचा ताण कसा काढायचा, हे त्यांनी त्यात सांगितले होते.

आता पृष्ठताण म्हंजे काय ते सांगते. पाणी हे अगदी बारीक बारीक रेणूंचे बनलेले असते. ते रेणू डोळ्यांना दिसत नाहीत. प्रत्येक रेणू आपल्या शेजाऱ्याला ओढून धरतो. पाण्याच्या आतल्या रेणूला चारी बाजूंनी, वरून आणि खालून सारखेच शेजारी असतात. पण सगळ्यात वरच्या थरातल्या रेणूला वरती पाण्याचा शेजारी नसतो. त्याला बाजूचे आणि खालचेच ओढतात. त्यामुळे वरचा थर आवळून धरल्यासारखा होतो. ढोलकीचे कातडे ताणून बसवतात ना, तसे पाणी स्वतःला वरून ताणून बसवते. यालाच पृष्ठताण म्हणतात. पण ढोलकीचे कातडे वेगळे काढता येते. पाण्याला तसे वेगळे कातडे नसते. तिथेही पाणीच असते.

हा ताण किती असतो? पाण्यावर एक सेंटिमीटर लांबीची रेघ आहे असे मनात धरा. तिच्या दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांना ओढते. ती ओढ तांदळाच्या तीन-चार दाण्यांच्या वजनाइतकी असते. ऐकायला एवढीशी वाटते. पण तेवढ्यावरच पाण्यावर पळणारे लांब पायांचे किडे विहिरीत बुडत नाहीत. अळवाच्या पानावरचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो, तोही यामुळेच. आवळून आवळून पाणी कमीत कमी जागेत बसू पाहते, आणि सगळ्यात कमी पृष्ठभाग लागतो तो गोळ्याला. म्हणून छोटा थेंब गोल असतो. मोठा थेंब मात्र स्वतःच्या वजनाने जरा चपटा होतो. आणि अळवाचे पान पाण्याला चिकटू देत नाही, म्हणून थेंब टुणकन खाली पडतो.

पहिला प्रयोग. एका वाटीत स्वच्छ पाणी घ्या. शिवणाची कोरडी सुई केसांवरून एकदा फिरवा, म्हंजे तिला तेलाचा हात लागतो. बारीक तारेचा आकडा करा. त्यावर सुई आडवी ठेवा आणि हळूच पाण्यावर सोडा. सुई तरंगते! सुईचे पोलाद पाण्याच्या सातपटीहून जास्त जड असते, तरी ती तरंगते. वाटी उजेडात धरून बघा. सुईच्या खाली पाणी जरा दबलेले दिसते, गादीवर कुणी झोपल्यासारखे. आता वाटीच्या कडेला साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाका. सुई लगेच बुडते. साबणाने ताण कमी होतो.

दुसरा प्रयोग रामन यांच्या थेंबाचा. नळाला किंवा डोळ्यांत औषध घालायच्या नळीला लोंबणारा थेंब भिंगातून बघा. तो आधी फुगतो, मग त्याला मान फुटते, मग तो तुटतो. तो लोंबतो तोवर ताणच त्याला धरून ठेवतो. त्या गोलाईमुळे थेंबाच्या आत दाब तयार होतो. थेंब जितका लहान, तितका आतला दाब जास्त. दाब माहीत असला आणि गोलाई नीट मोजली, की गणित करून ताण निघतो. रामन यांनी अशीच गोलाई मोजली. आमच्याकडे तेवढी बारीक मापे नाहीत. म्हणून आम्ही सोपी युक्ती केली. औषधाच्या बाटलीचे ५ मिलिलिटरचे झाकण घेतले आणि नळीने थेंब थेंब टाकून ते भरले. साध्या पाण्याचे ९६ थेंब लागले. त्याच नळीने साबणाच्या पाण्याचे १७० थेंब लागले. साबणाच्या पाण्याचा ताण कमी, म्हणून थेंब लहान असतानाच तुटतो आणि जास्त थेंब लागतात. नुसते मोजूनसुद्धा शास्त्र कळते, हे मला त्या दिवशी पटलं.

पुन्हा चरित्राकडे वळू. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नावाचे फार मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचा आणि रामन यांचा पत्रव्यवहार झाला. रॅले यांना वाटले की हे कोणी प्राध्यापक असतील. पत्रावर त्यांनी तसेच लिहिले. त्यांना काय ठाऊक, की हा अजून मिसरूड फुटलेला मुलगा आहे!

त्या काळी आपल्या देशात शास्त्रज्ञाला नोकरी मिळणे कठीण होते. रामन यांनी सरकारच्या हिशेब खात्याची परीक्षा दिली आणि पहिला नंबर मिळवला. १९०७ सालीच त्यांचे लोकसुंदरी यांच्याशी लग्न झाले. मग ते कलकत्त्याला मोठे अधिकारी म्हणून रुजू झाले. पगार चांगला होता. दुसरा कोणी असता तर सुखाने राहिला असता. पण एक दिवस ट्राममधून जाताना त्यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली. ती विज्ञानाची उन्नती करणाऱ्या एका भारतीय संस्थेची होती. महेंद्रलाल सरकार यांनी ती १८७६ साली लोकांकडून वर्गणी गोळा करून काढली होती. रामन तिथे गेले आणि त्यांनी दार वाजवले. आशुतोष डे यांनी दार उघडले. संस्थेचे चिटणीस अमृतलाल सरकार यांनी त्यांना प्रयोग करायची मोकळीक दिली.

तेव्हापासून रामन यांचा दिवस असा असे. पहाटे उठून प्रयोगशाळेत. मग घरी येऊन अंघोळ, जेवण आणि कचेरी. कचेरी सुटली की परत प्रयोगशाळेत, ते थेट रात्री नऊ-दहापर्यंत. रविवारीसुद्धा तेच. १९०९ साली त्यांची रंगूनला बदली झाली. १९१० साली ते आपल्या नागपूरला आले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. १९११ साली ते कलकत्त्याला परत गेले. इतक्या बदल्या झाल्या तरी त्यांनी विज्ञान सोडले नाही. १९१७ साली कलकत्ता विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची जागा दिली. तिथे पगार बराच कमी होता. तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि प्राध्यापक झाले.

१९२१ साली रामन बोटीने इंग्लंडला गेले आणि नारकुंडा नावाच्या बोटीने परत आले. वाटेत त्यांनी निळाभोर समुद्र पाहिला. तेव्हा असे समजत की समुद्रात आकाशाचे प्रतिबिंब पडते म्हणून तो निळा दिसतो. रामन यांच्याजवळ एक खास लोलक होता. त्यातून बघितले की पाण्याच्या वरच्या थरावरून येणारी आकाशाची चकाकी निघून जाते. त्यांनी बघितले तर समुद्र तरीही निळाच, उलट जास्तच निळा! म्हणजे तो निळा रंग पाण्याच्या आतून येत होता. सूर्याचा प्रकाश पाण्याच्या रेणूंवर आपटून विखुरतो, त्यातला निळा जास्त विखुरतो. बोट मुंबई बंदरात आली, तेव्हा २६ सप्टेंबर १९२१ या तारखेचे पत्र त्यांनी तिथूनच नेचर या साप्ताहिकाला लिहिले. आपण कल्याण-अंबरनाथवरून लोकलने ज्या मुंबईला जातो, त्याच मुंबईच्या बंदरातून. हे मला फार आवडले.

त्यानंतर रामन आणि त्यांचे विद्यार्थी निरनिराळ्या द्रवांतून प्रकाश सोडून बघू लागले. द्रवाचा वरचा थर प्रकाश कसा विखुरतो, हेही त्यांनी तपासले. शांत पाणी आपल्याला आरशासारखे सपाट दिसते. पण रेणू सारखे हलत असतात म्हणून त्यावर अगदी बारीक लाटा उठतात, आणि पृष्ठताण त्यांना परत सपाट करायला बघतो. मग १९२८ साली मोठा शोध लागला. एका रंगाचा प्रकाश शुद्ध द्रवातून सोडला, तर बाहेर पडणाऱ्या प्रकाशात थोडासा बदललेल्या रंगाचा प्रकाशही असतो. हे त्यांनी सुमारे ६० द्रवांत पाहिले. के. एस. कृष्णन हे त्यांचे सहकारी होते. २८ फेब्रुवारी १९२८ या दिवसाची आठवण म्हणूनच आपण विज्ञान दिन पाळतो. या शोधाला रामन परिणाम म्हणतात. त्यासाठी फार महागडी यंत्रे नव्हती. सूर्याचा प्रकाश, भिंगे, रंगीत काचा आणि खिशात मावेल असे एक छोटे उपकरण, यांवरच सुरुवात झाली होती. १९३० साली रामन यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातले नोबेल मिळवणारे ते आशिया खंडातले पहिले शास्त्रज्ञ.

आता मी एक गोष्ट लिहिते. ती थोर माणसाच्या चरित्रात लिहावी की नको, असे मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, खरे असेल तर लिही.

१९३३ साली रामन बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्याच वर्षी मुंबईहून कमला भागवत नावाच्या मुलीने तिथे अर्ज केला. दुर्गाबाई भागवत या मोठ्या लेखिका, त्यांच्या त्या बहीण. कमलाबाईंना परीक्षेत उत्तम गुण होते. पण रामन यांनी अर्ज नाकारला. कारण काय, तर ती मुलगी आहे. कमलाबाई घरी गप्प बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या आणि माझे कारण सांगा म्हणून अडून बसल्या. तेव्हा रामन यांनी अटी घालून एक वर्षासाठी त्यांना घेतले. त्यांनी वर्षभर इतके चांगले काम केले की रामन यांचे मत बदलले. पुढे तिथे इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. कमलाबाई १९३९ साली इंग्लंडच्या केंब्रिज विद्यापीठाच्या पीएच. डी. झाल्या. लग्नानंतर त्या कमला सोहोनी झाल्या आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकसुद्धा झाल्या.

हे वाचून मला वाईट वाटलं. रामन स्वतः अनोळखी होते तेव्हा कलकत्त्याला त्यांना दार उघडून आत घेतले. मग त्यांनी कमलाबाईंना दार का लावले? मी पुष्कळ विचार केला. थेंबाची गोलाई बरोबर मोजणारा माणूससुद्धा मुलींचे मोजमाप चुकीचे करू शकतो. पण पुरावा दिसल्यावर त्यांनी आपले मत बदलले, हेही खरे आहे.

आणि गंमत अशी की पृष्ठताणाच्या शास्त्रात एका मुलीचे नाव रामन यांच्याही आधीचे आहे. तिचे नाव आग्नेस पॉकेल्स. ती जर्मनीत राहायची. तेव्हा तिथल्या विद्यापीठात मुलींना घेत नसत. भाऊ भौतिकशास्त्र शिकत होता, त्याच्या पुस्तकांवर ती शिकली. घरी स्वयंपाक, भांडी आणि आईवडिलांचे आजारपण, हे सगळे तिच्याकडेच होते. भांडी घासताना तेल आणि साबण पाण्यावर काय करतात, हे ती बघायची. तिने पत्र्याचे एक भांडे केले. त्यात पाणी भरून वर पत्र्याची पट्टी सरकवायची, म्हंजे पाण्यावरचा तेलाचा थर दाबता येतो. ताण मोजायला तिने लहानशी तराजू केली. १८९१ साली तिने ते सगळे पत्र लिहून लॉर्ड रॅले यांना कळवले. रॅले यांनी ते पत्र नेचर साप्ताहिकाकडे पाठवले, आणि मार्च १८९१ मध्ये ते छापून आले. हे तेच लॉर्ड रॅले, ज्यांनी पुढे रामन यांना प्राध्यापक समजून पत्र लिहिले. ते दोघांना कधी भांडी घासणारी किंवा लहान मुलगा म्हणून कमी समजले नाहीत. त्यांनी काम बघितले.

तिसरा प्रयोग आग्नेसबाईंच्या आठवणीचा. ताटात पाणी घ्या आणि त्यावर मिरपूड भुरभुरा. बोटाला साबण लावून मधोमध टेकवा. मिरपूड एका क्षणात कडेला पळते. मिरपुडीला साबणाची भीती वाटत नाही बरं का! मधल्या पाण्याचा ताण कमी झाला आणि कडेच्या पाण्याचा तसाच राहिला. जास्त ओढणाऱ्याने दोरी आपल्याकडे खेचली. रस्सीखेचच ती.

हे सगळे आपल्या गावात रोज कामाला येते. नुसत्या पाण्याने तेलकट भांडे निघत नाही, कारण पाणी स्वतःला आवळून बसते. साबण ताण कमी करतो आणि तेलाला सुट्टे करतो. डासांच्या अळ्या डबक्यात पाण्याच्या वरच्या थराला लोंबकळून श्वास घेतात. म्हणून साचलेल्या डबक्यावर तेलाचा पातळ थर टाकतात. थराचा आधार तुटतो, श्वासाची नळी बंद होते आणि अळ्या मरतात. विहिरीत किंवा पिण्याच्या पाण्यात मात्र तेल टाकू नये. पावसात छत्रीच्या कापडाला बारीक भोके असली तरी पाणी आत येत नाही, तेही याच ताणामुळे.

रामन यांनी १९४८ साली बंगलोरला स्वतःची संशोधन संस्था सुरू केली. १९५४ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च मान मिळाला. म्हातारपणीसुद्धा ते फुले, हिरे, शिंपले आणि रंग यांचा अभ्यास करीत आणि मुलांना आवडीने शास्त्र सांगत. २१ नोव्हेंबर १९७० रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

पालकांनो, आमचा वर्ग आता पाचवीला जाणार. तुम्ही सगळ्यांनी आमचे सुई, थेंब आणि मिरपुडीचे प्रयोग करून बघा. व्हरांड्यातल्या टेबलावर वाटी, ताट, नळी आणि साबण ठेवला आहे. एक बघा, आमच्या गटात तीन मुली आणि दोन मुलगे आहेत, आणि सुई सगळ्यांच्या हातून सारखीच तरंगते. म्हणून माझी विनंती आहे की पाचवीला मुलांचे नाव घालाल तसेच मुलींचेही घाला. शाळा लांब असली तरी घाला. कोणती मुलगी थेंबाचे गणित करील, हे आधी कसे कळणार?

सर रामन यांना, कमलाबाईंना आणि आग्नेसबाईंना माझे विनम्र अभिवादन.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी, पालेगाव